'मिसिंग लिंक'ला मराठीत काय म्हणायचं?

होमो नालेदी या नामशेष मानवी प्रजातीवर लिहितेय, दोन शब्दांवर अडलेय. क्रिएशनिस्टला, म्हणजे उत्क्रांती न मानता माणूस देवानेच थेट घडवला म्हणणाऱ्याला, 'निर्मितीवादी' चालेल का 'सृष्टिवादी'? आणि मिसिंग लिंकला, म्हणजे जुन्या पूर्वज आणि माणूस यांच्यातल्या न सापडलेल्या जीवाला, 'हरवलेला दुवा' बरोबर वाटतो का?

— निर्मितीवादीच लिहा ताई, सृष्टिवादी म्हटलं की निसर्गप्रेमी वाटतो. पण 'हरवलेला दुवा' प्लीज नको. दुवा म्हटलं की एकच कडी गायब आहे, ती सापडली की विषय संपला असं वाटतं, आणि हे निर्मितीवादी नेमकं तेच धरून बसतात, दोन कवट्यांच्या मधली तिसरी सापडली की म्हणणार बघा आता एका जागी दोन फटी झाल्या! नालेदीचंच घ्या ना, दक्षिण आफ्रिकेतल्या रायझिंग स्टार गुहेत मानववंशशास्त्रज्ञ ली बर्गरच्या टीमला कमीत कमी १५ जणांची दीड हजारावर हाडं मिळाली, २०१५ ला जाहीर झालं. पाऊल जवळपास आपल्यासारखं, हाताची बोटं मात्र झाडावर चढणाऱ्याची, वाकलेली, आणि मेंदू संत्र्याएवढा. यावर अमेरिकेतल्या 'आन्सर्स इन जेनेसिस' या निर्मितीवादी संस्थेने लिहिलं की हा एपच (चिंपांझी-गोरिलाच्या गटातला), आणि त्यांच्याच गोटातला टॉड वुड म्हणतो ही माणसंच, आदमची लेकरं. १८९१ ला जावा बेटावर सापडलेल्या 'जावा मॅन' या जीवाश्माचंही तेच, दोघेही निर्मितीवादी, पण ड्वेन गिश म्हणायचे एप, मार्विन लुबेनाव म्हणायचे माणूस. अहो मधलं काही नसतंच तर एवढा घोळ का होतो तुमच्यात? म्हणून मी सरळ 'मधलं रूप' लिहितो, फारच शास्त्रीय हवं तर 'संक्रमणरूप'.

— मधलं रूप आवडलं. पण एपला 'माकड' लिहू नका हं, 'कपी' लिहा. २०१८ मध्ये औरंगाबादला तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह बोलले होते की एपचा माणूस होताना कुणी पाहिलं नाही, आपल्याकडे ते 'माकडाचा माणूस' असंच फिरलं. मुळात दावा समान पूर्वजाचा आहे, आजच्या चिंपांझीचा माणूस झाला असं कोण म्हणतंय?

— आणि हाडं सोडून जनुकांचा पुरावा आला की 'दुवा' शब्द तसाही लंगडा पडतो. चिंपांझीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्यात २३, कारण दोन जुनी जोडली जाऊन आपलं दुसरं गुणसूत्र झालं, टोकाला असतात ते टेलोमियरचे तुकडे तिथे मध्येच सापडतात. त्यावर निर्मितीवादी जेफ्री टॉमकिन्स म्हणतो हा सांधा नाहीच, जनुकाचा भाग आहे, आणि काहीजण सांधा मान्य करून म्हणतात की तो आदमनंतर माणसातच झाला. या जोडणीला, इंग्रजीतल्या 'फ्यूजन'ला, मी 'सांधा' लिहितो, 'विलय' म्हटलं की पार विरघळल्यासारखं वाटतं.

— सांधा मस्त, घेतला. कपी पण.