मदत हवी आहे: भाच्याला ऐकू येणारे आवाज थांबले, पण आता ‘भार नुसता’ म्हणतो

ऐरोलीकर: भाचा मुरबाडच्या पुढे गावात असतो. वय 24, स्किझोफ्रेनिया. गोळ्या घेतो, आवाज थांबलेत. आता म्हणतो, ‘माझं काही होणार नाही, तुमच्यावर भार नुसता.’ रात्रभर ओटी ते अंगण येरझाऱ्या. ताई भगताकडे न्यायचं म्हणते. डॉक्टरांची पुढची तारीख तीन आठवड्यांनी. तोवर काय करू? आजच सांगा.

कळवा_नाका: कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, डोस कधी बदलला? वॉर्डातून घरी कधी आला? दारू? आधी कधी प्रयत्न? आणि त्याला सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का? काही ठरवलंयस का?’ विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. आवाज थांबले म्हणजे धोका टळला असंही नाही. भान आलं की सुटलेलं कॉलेज, मोडलेलं लग्न दिसायला लागतं. घरी सोडल्यानंतरचे पहिले आठवडे फार नाजूक.

शहापूर_लोकल: क्लोझापिन ही गोळी सुरू करा. या आजारात आत्महत्येचा धोका कमी करण्यासाठी अमेरिकेत 2002 साली त्यालाच मान्यता मिळाली.

कळवा_नाका: खरंय, पण ते आज रात्रीचं उत्तर नाही. 12.5 मिलिग्रॅमपासून हळूहळू चढवतात, दोन दिवस चुकलं की पुन्हा तिथूनच. त्याने रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून पहिले 18 आठवडे दर आठवड्याला त्या तपासायच्या. मुरबाडच्या पुढून कोण आणणार?

पारसिक: अपंगत्वाचा दाखला काढलात का? 40 टक्के भरले तर यूडीआयडी कार्डावर सवलती मिळतात.

ऐरोलीकर: ते नंतर हो! रिस्पेरिडोन 4 होती, 6 केली, बारा दिवस झाले. येरझाऱ्या त्यानंतरच्याच. घरी येऊन महिना झाला. दारू नाही, आधी प्रयत्न नाही.

खाडीपलीकडे: मग अकॅथिसिया असू शकतो, गोळीमुळे होणारी तगमग. खुर्चीत बसवून पावलं बघा: आळीपाळीने उचलतो, दोन मिनिटं टेकवत नाही, ‘आतून उकळतंय’ म्हणतो? या तगमगीनेही माणूस टोकाला जातो. डॉक्टर डोस उतरवतात किंवा प्रोप्रॅनोलॉल जोडतात. दमा असेल तर आधी सांगा. मनाने गोळी बंद करू नका, आवाज परततील. पावलांचा व्हिडिओ काढा आणि तारखेची वाट न बघता उद्याच ओपीडी गाठा. आत्ता 14416 लावा, टेलिमानस, मराठीत बोलतात, चोवीस तास, फुकट. फवारणीची औषधं घराबाहेर, दुसऱ्याच्या कुलपात. गोळ्यांची पाकिटं ताईंकडे, डोस त्यांच्या हातून. ‘ठरवलंय’ म्हणाला तर क्षणभरही एकटा सोडू नका, 108 बोलवा.

शहापूर_लोकल: भगत आधी बंद करा!

खाडीपलीकडे: आज ताईंशी भांडण नको. अंगारा लावू दे. उपास, धूर, कोंडणं नको, आणि गोळी चुकायला नको.

ऐरोलीकर: व्हिडिओ आला. पाय ठरतच नाहीत त्याचे. ताईने विचारलं, तर म्हणाला, ‘वाटतं, पण ठरवलं नाही.’ मग कितीतरी वेळ रडला. 14416 वर बोलणं झालं. फवारणीचे डबे चुलत्यांकडे कुलपात गेले, भाऊजी रात्रभर त्याच्या शेजारी आहेत. पहिल्या एसटीने ठाण्याला आणतायत, मी स्टँडवर थांबतो.