समाज 'विज्ञान' ही नुसती पाटी आहे का?

खानापूरचा मास्तर
परवा जत्रेला पाहुणे आले होते. माझा पुतण्या इथं कर्नाटकात दहावीला, मराठी माध्यम. त्याचा मावसभाऊ महाराष्ट्रातल्या चंदगडचा, तोही दहावीलाच. पुतण्याच्या दप्तरातलं 'समाज विज्ञान' बघून तो हसत सुटला. "आमच्यात इतिहास वेगळा, भूगोल वेगळा, आणि विज्ञान म्हणजे विज्ञान. तुमच्यात शिवाजी महाराज पण विज्ञानात?" मटणाच्या पंगतीत पोरांचं चांगलंच जुंपलं. कन्नडमध्येही त्या विषयाला हेच नाव आहे, त्यामुळं इकडच्या मराठी पुस्तकावर ते कसं आलं ते कळतंच. पण पोराचा प्रश्न खोटा नव्हे. माझं म्हणणं एवढंच की कपाटं विषयांची करू नयेत. प्रश्न कसला आहे त्यावरून पद्धत ठरते, आणि पद्धत किती कडक पाळली त्यावरून ते विज्ञान की गप्पा हे ठरतं. बोला.

उद्यमबागेतला लॅबवाला
मास्तर, राग मानू नका, स्पष्ट बोलतो. मी फौंड्रीच्या लॅबला आहे. वितळलेल्या लोखंडात कार्बन किती, सिलिकॉन किती, हे यंत्र सांगतं. मी बघितलं काय नि हाताखालच्या पोरानं बघितलं काय, आकडा तोच. याला विज्ञान म्हणतात. गणित, खगोल, भौतिक, रसायन, जीव अशी उतरंड उगाच रचलेली नाही. पुढं सरकाल तसा भरवसा कमी. शेवटी समाज, म्हणजे ज्याचं त्याचं मत. मराठीत तर 'शास्त्र' इतकं स्वस्त की पाकशास्त्रही शास्त्र आणि ज्योतिषशास्त्रही शास्त्र!

खानापूरचा मास्तर
ही उतरंड 19व्या शतकातल्या फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्यूस्त कोंतची. त्यानं समाजशास्त्र शेवटी ठेवलं ते कमअस्सल म्हणून नव्हे, सगळ्यांत गुंतागुंतीचं म्हणून. ज्योतिषाचं मात्र मान्य. चुकलं की सबब तयार असते, त्याला कसला आलाय कस!

गोकाकचा दगडफोड्या
दादा, तुमच्या हिशेबानं भूगर्भशास्त्राचं काय करायचं? रॉबर्ट ब्रूस फूट या इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञानं आपल्या या दक्षिण मराठा मुलुखाच्या खडकांवर 1876 मध्ये अख्खा ग्रंथ काढला. त्यानं कुठल्या लॅबमध्ये लाव्हा ओतला? गोकाकचा वालुकाश्म आणि वरचा काळा दगड, म्हणजे थिजलेला लाव्हा, कोण कशावर बसलाय ते चालत जाऊन बघितलं. खालचा आधीचा, वरचा नंतरचा. तो लाव्हा साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, परत वाहून दाखवा म्हणता येत नाही.

उद्यमबागेतला लॅबवाला
दगड खोटं बोलत नाही हो. माणूस बोलतो. माझा आक्षेप तिथं आहे.

निपाणीची नर्सबाई
मग माणसांवरचीच गोष्ट सांगते, आणि ती आपल्याच जिल्ह्यातली. बाळंतपणानंतर रक्त जाऊन बायका दगावतात. मिसोप्रोस्टॉलची तोंडी गोळी त्यावर चालते का, हे बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजनं परदेशी संशोधकांबरोबर 2002 ते 2005 मध्ये तपासलं. 4 प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत, घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या 1,620 बायका. 812 जणींना खरी गोळी, 808 जणींना तशीच दिसणारी बिनऔषधाची. कुणाला कुठली ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलेलं, देणाऱ्या नर्सबाईलाही ठाऊक नाही. गेलेलं रक्त अंदाजानं नव्हे, मोजून. जास्त रक्तस्राव 12 टक्क्यांवरून 6.4 वर आला. 2006 मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आता बोला, दादा. माणूस खोटं बोलतो, म्हणूनच नर्सबाईपासून गोळी लपवली की नाही? तुमच्या यंत्राला असलं काही करावं लागत नाही. मला विचाराल तर अवघड काम कुणाचं ते उघड आहे.

एक मात्र आहे. त्या बायका दवाखान्यात न येता घरीच का बाळंत होत होत्या, हे असल्या चाचणीतून कळणार नाही. त्यासाठी त्यांच्या सासूशी चुलीपाशी बसून बोलावं लागतं. तिथं चिठ्ठ्या टाकून काय उपयोग?

उद्यमबागेतला लॅबवाला
ताई, हा प्रयोग आहे, मान्य. पण गोळी देणं हे जीवशास्त्रच झालं. चुलीपाशी बसून बोलणं याला मी विज्ञान म्हणणार नाही. मास्तर, तुमचं ते भाषाशास्त्र त्यातलंच.

खानापूरचा मास्तर
आलात बरोबर मुद्द्यावर. कुपवाड माहीत आहे ना? आज सांगली महापालिकेत आहे, तेव्हा तीनेक हजार वस्तीचं गाव. गम्पर्झ आणि विल्सन या दोघा भाषा-अभ्यासकांनी तिथल्या मराठी, कन्नड, उर्दू आणि तेलुगूवर 1971 मध्ये निबंध छापला. म्हणणं असं की शब्द ज्याचे त्याचे राहिले, पण शेजारानं वाक्याची ठेवण एक होत गेली. ग्रंथातल्या कन्नडमध्ये 'इदु निम्म मने', म्हणजे 'हे तुमचं घर', संपलं. कुपवाडच्या कन्नडमध्ये शेवटी 'ऐती' येतं, मराठीतल्या 'आहे'सारखं. यात मत कुठं आहे? कानानं ऐकलेला पुरावा आहे.

धारवाडची सून
मास्तर, थांबा. माझं माहेर धारवाड, घरात कन्नड. आम्हीही 'ऐती' म्हणतो की! मग तो मराठीचा परिणाम कशावरून? उत्तरेकडच्या कन्नडची मूळचीच ढब असेल. जिथं मराठी शेजार नाही, तिथलं कन्नड आधी ऐकायला नको का?

उद्यमबागेतला लॅबवाला
वैनी, शाब्बास! मास्तर, सापडलात.

खानापूरचा मास्तर
सापडलो खरा. पण दादा, वैनींनी आत्ता काय केलं ते बघा. दावा घेतला, तो कुठं मोडेल ती जागा दाखवली, तुलनेला दुसरा गाव मागितला. फौंड्रीत तुम्ही वेगळं काय करता? कुपवाडलाही पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चाळीसेक वर्षांनी परत जाऊन मूळ दाव्याची चिकित्सा केली आहे.

उद्यमबागेतला लॅबवाला
फरक आहे. मला आकडा मिळतो, तुम्हाला 'असं वाटतं' मिळतं. मोजून दाखवा, मग मानतो.

खानापूरचा मास्तर
पुतण्याला शाळेत प्रकल्प द्यायचाच आहे. आठवडा बाजारात भाजीवाल्यांपाशी बसून तो 'ऐती' मोजेल. एक बाजार खानापूरचा, एक धारवाडकडचा. वैनी, तिकडची सोय तुमच्याकडे.

धारवाडची सून
करते. पण तिकडं हे पाहुणं पोर बघितल्यावर बाया पुस्तकी कन्नड बोलायला लागतील, ते आधीच लिहून ठेवा.

उद्यमबागेतला लॅबवाला
मग पोराला कोपऱ्यात बसवा, भाव मी करतो. आणि काय मोजूलालो ते बाजारात कुणाला सांगू नका.