न दाखवलेली हिंसा

'हिंसेवर टीका करायची तर ती पडद्यावर दाखवावीच लागते' असं अनेकदा म्हटलं जातं, ते मला पटत नाही. दिग्दर्शक मिखाएल हानेकेचा 'फनी गेम्स' (१९९७) हा चित्रपट बघा. त्यात दोन तरुण मारेकरी आई, बाप आणि मुलगा अशा एका कुटुंबाला घरात ओलीस धरतात. मुलाला गोळी घातली जाते तेव्हा कॅमेरा स्वयंपाकघरात असतो, आपल्याला फक्त आवाज येतो. मग रक्ताने माखलेला टीव्ही, त्यावर चालूच असलेली मोटारशर्यत आणि आईबापांवरचा तो लांबलचक, न तोडलेला शॉट. आई एका मारेकऱ्याला उडवते, ते मात्र दिसतं. आणि लगेच दुसरा रिमोटने तो प्रसंगच मागे फिरवतो! आपल्याला हवासा वाटणारा सूडच हिरावून घेतला जातो. उलट गास्पार नोएच्या 'इर्रिव्हर्सिबल'मध्ये (२००२) भुयारी मार्गातल्या बलात्कारावरून कॅमेरा हटत नाही. हेतू प्रामाणिक असेलही, पण मला तिथे त्या बाईच्या यातनेपेक्षा दिग्दर्शकाचं धाडसच जास्त जाणवतं.