वजन वाढत नाही, तरी जंक फूड बाधतं का?

निशाचर:
वय २६, अंगाने काडीपैलवान. नाइट शिफ्ट असते त्यामुळे रात्री बर्गर नाहीतर पिझ्झा, कंटाळा आला की इन्स्टंट नूडल्स, सोबत कोल्ड्रिंक आणि मधेमधे चिप्स चालूच. घरचे ओरडतात पण वजनकाटा हलतच नाही मग मी म्हणतो आपल्याला काय होतंय. हल्ली मात्र अ‍ॅसिडिटी, पोट धड साफ होत नाही आणि पोटभर खाल्लं तरी दोन तासात परत भूक. हे सगळं खाण्याचंच आहे का झोपेचं? बारीक माणसाला पण शुगर, कोलेस्टेरॉल होतं का खरंच? प्लीज नुसतं "घरचं खा" सांगू नका, ऐकून कान किटलेत.

लॅबवाला:
होतं की. काट्यावर फक्त एकूण वजन कळतं, चरबी कुठे साठलीय ते नाही कळत. हात-पाय काड्या आणि लिव्हरमध्ये चरबी असे रिपोर्ट आमच्याकडे येत असतात. कोल्ड्रिंकमधली साखर अर्धी फ्रुक्टोज असते, ते पचवायचं काम मुख्यतः लिव्हरचं, आणि गरजेपेक्षा जास्त आलं की लिव्हर त्याची चरबी करतं. ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक प्रकारची चरबी) वाढतं ते यातूनही. दुखत-खुपत काहीच नाही म्हणून वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही.
एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइड), एसजीपीटी (लिव्हरची टेस्ट) करून घ्या आणि बीपी मोजा. एचबीए१सी ५.७ ते ६.४ आलं तर प्रीडायबेटिस म्हणजे डायबेटिसचा उंबरठा, ट्रायग्लिसराइड १५० च्या आत हवं. एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणजे फॅटी लिव्हर नाही असं समजू नका हां, ते सोनोग्राफीत दिसू शकतं. सुरुवातीचं असेल तर खाणं सुधारल्यावर कमी पण होतं.

चिकित्सक_काकू:
भुकेचं मी सांगते. २०१९ मध्ये अमेरिकेत केविन हॉल या संशोधकाच्या टीमने २० जणांना दवाखान्यातच ठेवून घेतलं, दोन आठवडे पाकिटबंद-प्रोसेस्ड जेवण आणि दोन आठवडे साधं जेवण, दोन्हीकडे ताटात वाढलेली साखर, मीठ, फॅट, फायबर जवळपास सारखं, आणि पाहिजे तेवढं खा म्हणून मुभा. तरी प्रोसेस्डवाल्या दिवसांत माणसं रोज साधारण ५०० कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत जवळजवळ किलोभर वजन वाढलं. ते अन्न मऊ असतं, भराभर गिळलं जातं, पोट भरलं हा निरोप मेंदूला पोचेपर्यंत प्लेट साफ, हे एक कारण असावं असं म्हणतात. तेव्हा तुमची भूक म्हणजे काही हावरटपणा नाही बाळा. आणि पोट साफ न होण्याचं कोडं नाहीच, मैदा-चीज-बटाट्यात फायबर असतं किती?

उगाच_घाबरवू_नका:
जंक फूड म्हणजे विष वगैरे ऐकून वैताग येतो. महिन्यातून दोनदा पिझ्झा खाणारा आणि रोज रात्री त्याच्यावरच जगणारा, दोघांना एकाच मापाने कसं मोजता? हिशोब करा ना सरळ. ३३० मिलीच्या एका कोलाच्या कॅनमध्ये ३५ ग्रॅमच्या आसपास साखर असते, आणि जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, जमलं तर २५ च्या आत ठेवा म्हणते. मीठ ५ ग्रॅमच्या आत. पाकिटावर मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम असतं, त्याला अडीचने गुणायचं की मीठ निघतं. आणि आकडे "प्रति सर्व्हिंग" म्हणजे एका वेळच्या खाण्याचे आहेत का ते बघा, कारण पाकिटात कधीकधी सर्व्हिंग अडीच असतात आणि खाणारा आपण एकटाच.

निशाचर:
बापरे, हे सर्व्हिंगचं कधी बघितलंच नव्हतं. मग डायट कोल्ड्रिंक आणि बेक्ड चिप्स चालतील का?

चिकित्सक_काकू:
बेक्डमध्ये तेल कमी, मीठ बरेचदा तेवढंच. डायटमध्ये साखर नाही हे खरं, पण वजन आटोक्यात ठेवायला साखरेऐवजी गोडीसाठी घालतात त्या पदार्थांवर विसंबू नका असं जागतिक आरोग्य संघटनेनेच २०२३ मध्ये सांगितलंय. शिवाय कोलात कॅफीन आहे, शिफ्ट संपताना प्यायलात तर सकाळच्या झोपेचं खोबरं. तुम्ही खाण्याचं का झोपेचं विचारलंत ना, दोन्हीचं. रात्रीच्या वेळी शरीर साखर तितकीशी नीट हाताळत नाही, तेच जेवण दिवसा घेतलं तर शुगर कमी चढते. म्हणून जड जेवण शिफ्टच्या आधी उरका, मधे शेंगदाणे, फळ, उकडलेलं अंडं असलं काहीतरी, आणि खाल्ल्यावर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही, अ‍ॅसिडिटीला बराच फरक त्याने पडू शकतो. गिळताना अडकतंय, शौचाला काळी होतेय किंवा वजन आपोआप उतरतंय असं काही असेल तर मात्र इथे विचारत बसू नका, डॉक्टर गाठा.

निशाचर:
तसलं काही नाही काकू. कोल्ड्रिंक आजपासून बंद, बर्गरचं बघू 😅 टेस्ट या आठवड्यात करतो.

लॅबवाला:
शिफ्ट संपवून तसेच येणार असाल तर रात्री शिफ्टमध्ये खाल्लेलं पण धरून, शेवटच्या खाण्यापासून १०-१२ तास पोट रिकामं हवं, पाणी चालेल. पहाटे चार वाजता बर्गर खाऊन आठला रक्त दिलंत तर ट्रायग्लिसराइड उगाच वाढून येईल आणि परत टोचून घ्यावं लागेल.