लेक १२ वर्षांची, फिगर स्केटिंग करते, कोच म्हणतात शाळा ऑनलाइन करा – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एरवी मी इथे फक्त वाचते, पण आता खरंच कोणाशी तरी बोलायला हवंय. आम्ही बे एरियात राहतो. लेक १२ वर्षांची, सातवीत आहे. पुण्यात होतो तेव्हा सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोलर स्केट्सवर पळायची, इकडे आल्यावर एका वाढदिवसाच्या पार्टीला आइस रिंकवर गेली आणि तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नाही. लर्न टू स्केटच्या बेसिक लेव्हल्स भराभर झाल्या, मग प्रायव्हेट कोच, मग टेस्ट्स, आता इंटरमिजिएट लेव्हलला (ज्युनिअर-सीनिअरच्या खालची) स्पर्धा करते. सगळे डबल जंप येतात, डबल अ‍ॅक्सेल मात्र येतोय येतोय म्हणता येत नाहीये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, अ‍ॅक्सेल हा एकच जंप पुढे तोंड करून मारतात आणि उतरतात मात्र मागे जाताना, त्यामुळे नावात डबल असला तरी हवेत अडीच फेऱ्या लागतात आणि हवेत मिळतो जेमतेम अर्धा सेकंद. ती दरवेळी डाव्याच बाजूवर आपटते, तिथे तळहाताएवढा काळानिळा डाग कायमचा झालाय, आत जेलचं पॅड घालून जाते आणि बाहेर आली की दुखतंय वगैरे काही नाही, आधी व्हिडिओ बघते की खांदा लवकर उघडला का.

तर प्रश्न असा की तिचे कोच म्हणतात पुढच्या वर्षीपासून शाळा ऑनलाइन करा, म्हणजे सकाळची फ्रीस्टाइल सेशन्स (जंप-स्पिनच्या सरावाचे तास) मिळतील, तेव्हा बर्फावर गर्दी नसते, आणि दिवसाला जवळजवळ दुप्पट वेळ होईल. त्यांचं म्हणणं की अंग भरायच्या आत, उंची वाढायच्या आत डबल अ‍ॅक्सेल आणि निदान दोन ट्रिपल (तीन फेऱ्यांचे जंप) बसायला हवेत, नंतर ते येत नाहीत. उदाहरण देतात अलिसा लिऊचं, कारण ती इथलीच, ओकलंडच्या रिंकवर पाचव्या वर्षी सुरुवात केलेली, १० व्या वर्षी यूएस इंटरमिजिएट चॅम्पियन, १२ व्या वर्षी ज्युनिअर चॅम्पियन आणि २०१९ ला डेट्रॉइटमध्ये १३ व्या वर्षी थेट सीनिअर नॅशनल चॅम्पियन, तीही ट्रिपल अ‍ॅक्सेल मारून. तारा लिपिन्स्कीचा १९९७ चा १४ व्या वर्षीचा विक्रम तिने मोडला. पोडियमच्या वरच्या पायरीवर चढायला दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरच्या मुलींनी तिला हात दिला होता, एवढी ती लहान होती. माझ्या लेकीने तो व्हिडिओ पाठ केलाय.

नवरा म्हणतो शाळा सोडायचा प्रश्नच नाही. सासूबाई व्हिडिओ कॉलवर विचारतात की पोरीला इतकं लागतं तर कशाला. आणि लेक म्हणते तिला कोचचं पटतंय, आई प्लीज. मला तिचं मन मोडायचं नाहीये आणि तिचं बालपणही घालवायचं नाहीये, आणि खर्च तर विचारूच नका, आइस टाइम वेगळा, कोच वेगळे, कोरिओग्राफी वेगळी, स्पर्धेला कोच आले की त्यांचा प्रवास आपल्याकडे.

अजून एक, हल्ली उजव्या गुडघ्याच्या खाली दुखतं म्हणते, हात लावला तर टेंगूळ लागतं. कोच म्हणाले ग्रोइंग पेन. त्यांनी तिला मेसेज केला होता की थोडी हलकी झालीस तर फेरी पूर्ण होईल, तेव्हापासून रात्री पोळी खात नाही, नुसती भाजी आणि ताक. ते मी बघतेच आहे, मुख्य प्रश्न शाळेचा आहे. कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

– बर्फाळआई

---

मिशिगनकर:

ताई, माझी मुलगी नोव्हिसपर्यंत (इंटरमिजिएटच्या वरची लेव्हल) स्पर्धा करून आता कॉलेजात आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो, मोठं होईल.

तुमच्या कोचनी अलिसाची अर्धीच गोष्ट सांगितली. १३ व्या वर्षी ती नॅशनल चॅम्पियन झाली खरी, पण त्या वर्षी तिला सीनिअर वर्ल्ड्स सोडा, ज्युनिअर वर्ल्ड्सलासुद्धा जाता आलं नाही. आंतरराष्ट्रीय ज्युनिअरसाठी १ जुलैच्या आधी १३ पूर्ण लागतात आणि तिचा वाढदिवस ८ ऑगस्टचा. पुढच्या सीझनला ज्युनिअर ग्रां प्रीला लेक प्लॅसिडमध्ये तिने क्वाड लुट्झ (चार फेऱ्यांचा जंप) मारला, स्पर्धेत क्वाड मारणारी पहिली अमेरिकन मुलगी, २०२० ला परत नॅशनल चॅम्पियन, ज्युनिअर वर्ल्ड्सला ब्राँझ. मग उंची वाढली, दुखापती आल्या, कोच बदलले, ट्रिपल अ‍ॅक्सेल पहिल्यासारखा राहिला नाही, २०२१ ला नॅशनल्सला चौथी. २०२२ ला बीजिंग ऑलिंपिकमध्ये सहावी, वर्ल्ड्सला ब्राँझ, आणि लगेच एप्रिलमध्ये १६ व्या वर्षी रिटायर. पदक मिळाल्या मिळाल्या पोरीने स्केट्स ठेवून दिले याचा विचार करा. एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाऊन आली, यूसीएलएला अ‍ॅडमिशन घेतली, २०२४ ला स्वतःहून परत आली ते स्वतःच्या अटींवर, गाणी मी निवडणार, किती सराव करायचा मी ठरवणार. आणि मार्च २०२५ ला बॉस्टनला वर्ल्ड चॅम्पियन, २००६ नंतर पहिली अमेरिकन महिला. त्या प्रोग्रॅममध्ये ना क्वाड होता ना ट्रिपल अ‍ॅक्सेल. शांतपणे बघा तो स्केट, तिच्या चेहऱ्याकडे बघा, आणि लेकीलाही शेजारी बसवा.

दुसरं म्हणजे २०२२ मध्ये आयएसयूने, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने, नियमच बदललाय. आधी सीनिअरला १५ पुरे होते, ते आधी १६ आणि २०२४-२५ पासून १७ केलं. त्यामुळे १३ व्या वर्षी सगळं उरकून टाकायची जी शर्यत होती तिचा मुख्य फायदाच गेला. तुमच्या लेकीला सीनिअर आंतरराष्ट्रीयला अजून जवळपास पाच वर्षं आहेत! तोवर ती पूर्ण वाढलेली असेल, म्हणजे मोठ्या शरीरात जंप मारायला शिकावंच लागणार, त्यापासून सुटका नाही. कोचचं एक बरोबर आहे की टेक्निक लहानपणी बसलेलं बरं. पण टेक्निक बसणं वेगळं आणि हलक्या अंगाच्या जोरावर फेऱ्या मारून घेणं वेगळं, दुसऱ्या प्रकारातला जंप उंची वाढली की जातोच.

शाळेचं म्हणाल तर पूर्ण ऑनलाइनच्या आधी बाकीचे रस्ते बघा. कॅलिफोर्नियात बऱ्याच शाळा पीईच्या (शाळेतला खेळाचा तास) ऐवजी बाहेरचा खेळ धरतात, काउन्सेलरला भेटून पीई शेवटच्या पिरियडला टाकून घ्या, रोजचा तास सुटतो. आम्ही आठवीत एक सेमिस्टर ऑनलाइन केलं होतं. स्केटिंग सुधारलं हे खोटं नाही सांगणार, पण रिंकवरच्या चार मुली सोडून तिचं कोणाशी बोलणंच राहिलं नाही आणि एक स्पर्धा वाईट गेली की सगळं जगच वाईट, कारण दुसरं जगच नव्हतं. परत शाळेत घातली.

आणि स्केट्स तपासा. घोट्याशी आडवी घडी पडलीय का, टाच आत उचलली जाते का? डबल अ‍ॅक्सेलच्या मागे लागलेली मुलं बूट लवकर मोडतात. मऊ पडलेल्या बुटात लँडिंग धरता येत नाही आणि आपण पोरीला बोलतो. चांगले बूट आणि ब्लेड मिळून हजार डॉलरच्या वर जातात हे माहितीये, पण तास दुप्पट करण्याआधी ते करा.

---

फिजिओ_नाशिक:

बाकीचं सगळं नंतर, ताई. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या हाडावर टेंगूळ आणि दुखणं हे या वयात ऑसगुड-श्लाटर असू शकतं, वाढत्या हाडाला मांडीच्या स्नायूचा टेंडन सतत ओढतो त्यामुळे होतं, उड्या मारणाऱ्या मुलांमध्ये नेहमी बघते. बहुतेक वेळा वाढ थांबली की शांत होतं, पण तोवर दिवसाचे जंप मोजून मारावे लागतात, आणि तुमच्याकडे तर दुप्पट करायची चर्चा चाललीय. स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरला दाखवा, कोचने नाव दिलं म्हणून तपासणी झाली असं होत नाही. पाठ दुखते का तेही विचारा, विशेषतः मागे वाकताना, लेबॅक स्पिन करताना. स्केटर्समध्ये कमरेच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर होतं आणि मुलं सांगत नाहीत.

आणि पोळी. तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात पण मला धाग्यात सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. १२ वर्षांची, रोज काही तास बर्फावर आणि रात्री भाजी-ताक. या वयात हाडं भरतात, पाळी सुरू व्हायची असते किंवा नुकतीच झालेली असते. खाणं कमी पडलं की पाळी लांबते, हाडं कच्ची राहतात, फ्रॅक्चर होतात. आजच्या आज पोळी, भात, तूप सुरू करा. जमलं तर स्पोर्ट्स डाएटिशियनला भेटा, मुलीला आईपेक्षा तिऱ्हाइताचं पटतं.

---

रेवाकाठ:

फिजिओताईंना अनुमोदन. पण मला वेगळाच प्रश्न पडला. कोच १२ वर्षांच्या मुलीला परस्पर मेसेज कसा करतात? आम्ही न्यू जर्सीत, मुलगा जिम्नॅस्टिक्सला आहे. सेफस्पोर्ट या खेळाडूंच्या सुरक्षेसाठीच्या अमेरिकन संस्थेचे नियम फिगर स्केटिंगलाही लागू आहेत, मोठ्या माणसाने अल्पवयीन खेळाडूला मेसेज केला तर त्यात पालक असायलाच हवेत. कोच चांगले असतील, मी तसं काही म्हणत नाहीये, पण ग्रुप करा आणि त्यात तुम्ही दोघं राहा. वजनाबद्दल मुलीशी बोलायचं नाही, काही असेल तर आमच्याशी बोला, हे लेखी कळवा. त्यांची प्रतिक्रिया काय येते त्यावरून शाळेच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळेल तुम्हाला.

---

सिंहगडरोड:

थोडं अवांतर. तिला भारताकडून खेळवायचा विचार केला का? तारा प्रसादही अमेरिकेत वाढलेली, ती २०१९ मध्ये भारताचं नागरिकत्व घेऊन भारताकडून खेळायला लागली, इथली राष्ट्रीय विजेती झाली. तिकडे स्पर्धा प्रचंड आहे, इकडे मुली कमी.

---

मिशिगनकर:

@सिंहगडरोड, चांगला मुद्दा, पण भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्ट लागतो, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) चालत नाही. मुलगी अजून भारतीय पासपोर्टवर असेल तर दार उघडं आहे, फक्त अमेरिकन नागरिकत्व घेताना हे डोक्यात असू द्या. सराव तिकडेच करावा लागेल, तारासुद्धा कोलोरॅडोतच करते.

---

बर्फाळआई:

सगळ्यांचे मनापासून आभार. फिजिओताई, तुमचं वाचून काल रात्रीच तिच्याशी बोलले. आधी चिडली, मग रडली, म्हणाली मला वाटलं तुलापण तेच हवंय. पोळी खाल्ली, दीडच पण तूप लावून. पेडिअ‍ॅट्रिशियनकडून स्पोर्ट्स मेडिसिनचं रेफरल घेतलंय, तोवर जंप बंद, फक्त स्पिन आणि स्केटिंग स्किल्स, पाठ दुखत नाही म्हणते पण तेही दाखवणार आहे.

कोचना आम्ही दोघांनी मिळून ईमेल केलं. मेसेजबद्दल त्यांनी लगेच मान्य केलं आणि ग्रुप केला, वजनाबद्दल मात्र "मी तिच्या भल्यासाठीच म्हणालो" असं उत्तर आलंय, त्यावर नवरा आणि मी समोरासमोर बोलणार आहोत. ते पटलं नाही तर कोच बदलू. शाळा यंदा तरी तीच राहणार हे आमचं ठरलंय, लेकीलाही सांगितलंय, पीईचं काउन्सेलरला विचारते.

मिशिगनकर, बूट काढून बघितले, दोन्ही घोट्यांवर घडी आहे, उजव्यावर तर खोल. पासपोर्ट अजून भारतीयच आहे. आता एवढंच सांगा की पाय वाढत असताना नवीन बूट अर्धा साइज मोठे घ्यायचे की मापाचेच, आणि ब्लेड जुनीच नवीन बुटांवर बसवून चालतील का? बे एरियात चांगला फिटर कोणाला माहीत असेल तर व्यनि करा.