टापटीप आणि बाळंतपणानंतरची उदासी

'वहिनी मुळातच टापटिपीची, सगळं वेळच्या वेळी करणारी. तिला कसलं डिप्रेशन?' असं बाळंत झालेल्या वहिनीबद्दल कुणीतरी विचारलंय. मला तर उलट अशाच बायकांची जास्त काळजी वाटते. हा टापटिपीचा स्वभाव म्हणजे ओसीडी (तेच ते विचार आणि त्याच त्या कृतींचा मानसिक आजार) नव्हे. ओसीडीत नको असलेले विचार छळतात, आणि ते अवाजवी आहेत हे बहुधा त्या माणसाला कळतं. इथे काटेकोरपणा हा स्वभावच असतो, 'माझीच पद्धत बरोबर' असं वाटतं, म्हणून मदत मागितलीच जात नाही. आणि बाळ तर कुठलंच वेळापत्रक पाळत नाही! सासूबाईंनी घातलेल्या दुपट्यांच्या घड्या रात्री दोनला उठून मोडून पुन्हा घालणारी बाळंतीण मीच होते. घरचे कौतुक करायचे, 'किती हौस आहे हिला!'

पहिल्या काही दिवसांत रडू येणं नेहमीचंच. ते दोन आठवड्यांपुढे टिकलं तर मात्र डॉक्टरांना सांगा. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठीची १९८७ सालची एडिंबरो प्रश्नावली १० प्रश्नांची आहे. 'विनाकारण स्वतःला दोष दिला का?' या तिसऱ्या प्रश्नावर मी अडले होते. दहावा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे 'हो' आलं तर एकूण गुण मोजत बसू नका, लगेच मदत मागा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर मराठीतही बोलतात.