जिवाणू कुरकुमीन तयार करू लागले, तर सांगलीच्या हळदीचे काय?

हळदकरी (वाळवा): आमच्या घरात तीन पिढ्या हळद आहे. हळदीचा पिवळा रंग, म्हणजेच कुरकुमीन, आता जिवाणूंकडून करून घेता येतो, असे सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या मुलीने सांगितल्यापासून मला चैन नाही. नऊ महिने रानात राहणारे पीक, त्यापुढे शिजवणे, वाळवणे आणि पॉलिश, एवढा खर्च असताना येत्या अक्षय्य तृतीयेला लागण वाढवावी का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

किण्वन (मिरज): मुलीची माहिती खरी आहे. जपानी संशोधकांनी २००८ मध्ये ई. कोलाय जिवाणूत भातातील एका विकराचे (एन्झाइमचे) जनुक घालून त्याला फेरुलिक आम्ल हा कच्चा माल पुरवला आणि लिटरमागे साधारण १०० मिलिग्रॅम कुरकुमीन मिळवले. मला या कामाचे मनापासून कौतुक वाटते, कारण हळदीचा रंग करण्याची क्षमता भाताच्या विकरात निघावी, हेच मुळी विलक्षण आहे. परंतु हिशेब मांडून पाहा: तीन टक्के कुरकुमीन असलेल्या एक किलो वाळलेल्या हळकुंडांत ३० ग्रॅम कुरकुमीन असते आणि तेवढ्यासाठी त्या प्रयोगाच्या प्रमाणाने ३०० लिटर द्रव वाढवावा लागेल. उत्पादन पुढे वाढू शकते, हे मात्र गृहीत धरावे.

पेवाजवळचा (हरिपूर): सौद्यात आम्ही हळकुंड मोडून आतला रंग पाहतो आणि लगेच नाकाशी धरतो. तो वास टर्मेरोनसारख्या तेलद्रव्यांचा असतो. नुसते कुरकुमीन करणाऱ्या जिवाणूपाशी तो नसतो. फोडणीत पडणारी हळद ही पूर्ण वस्तू आहे आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकनही त्या पूर्ण वस्तूलाच आहे. लागण जरूर करा.

किण्वन (मिरज): मसाल्याच्या हळदीपुरते हे मला मान्य आहे, नुसत्या कुरकुमीनच्या अर्कासाठी जाणाऱ्या मालाचे तसे नाही. मंजिष्ठा कुळातील मॅडरच्या मुळांतला लाल रंग, ॲलिझरिन, १८६८ मध्ये रसायनशाळेत तयार झाला आणि पुढच्या काही दशकांत युरोपातील ती शेती मोडली, कारण त्या मुळांना रंगावाचून दुसरे मोठे गिऱ्हाईक नव्हते. म्हणून हळदकरी, तुमचा माल सौद्यातून मसाल्याला जातो की अर्काच्या कारखान्याला, हे आधी कळवा.

हळदकरी (वाळवा): जवळजवळ सगळा मसाल्यालाच जातो. लागण वाढवतो, पण अर्कवाल्यांच्या भरवशावर नाही.